न वाजवलेले सूर

विमा कंपनीतल्या तपासनीसाने नवाकोरा अ‍ॅम्प्लिफायर जेवणाच्या टेबलावर ठेवला, टेबलाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून टेबलाखालूनही एकदा पाहून घेतलं आणि म्हणाला, "काहीतरी गडबड आहे."

"अहो, अजून चालू कुठे केलाय?" बायको म्हणाली.

"म्हणूनच म्हणतोय. चालू केल्यावर काय, कोणालाही कळेल."

बायकोने सुरी उचलली. या माणसाबरोबर इतकी वर्षं काढल्यावर कुठे बोलायचं आणि कुठे भाजी चिरत बसायचं, हे तिला नेमकं कळत होतं.

ऑफिसात त्याला सगळे 'भिंग' म्हणत. कोणाचं गोदाम जळालं, कोणाची गाडी खड्ड्यात गेली, की भरपाईचा दावा शेवटी त्याच्या टेबलावर यायचा, आणि बहुतेक वेळा तिथेच प्राण सोडायचा. जळालेल्या दुकानात शिरून राखेत बोट घालायचं आणि मालकाकडे रोखून बघत विचारायचं, "टीव्ही इथे होता म्हणता? मग भिंतीला खिळा का नाही?" हा त्याचा धंदा होता. धंदा एकवेळ ठीक आहे हो, पण माणूस तो घरी घेऊन येतो ना! शेजारी जिन्यात हसून 'काय, कसं काय?' म्हणाला, तर हा दार लावून घेतल्यावर विचारायचा, "हा हसला का?"

असा माणूस गिटार वाजवतो, हे सांगून कोणाला खरं वाटलं नसतं. पण वाजवत होता. दोनेक वर्षांपूर्वी ऑफिस सोडून जाणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. तिला अ‍ॅम्प्लिफायर लागतो, त्याशिवाय तिचा आवाज डासाच्या गुणगुणण्याच्या थोडा वर आणि पंख्याच्या बराच खाली असतो, हे त्याला माहीत होतं. अडचण एवढीच, की कोणता अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा यावर त्याचा तपास चालू होता. इंटरनेटवर एखाद्याला पाच तारे दिसले, की हे कंपनीच्याच लोकांनी दिलेत. एक तारा दिसला, की समोरच्या कंपनीचं काम. तीन तारे देणाऱ्याचा तर त्याला सगळ्यात जास्त संशय यायचा, कारण इतकं तोलूनमापून खरा माणूस बोलत नाही. तपास लांबला आणि तोवर तो मागच्या खोलीत बसून बिनआवाजाची गिटार वाजवत राहिला. जो आवाज ऐकू येत नव्हता, तो तो मनातून भरून काढायचा. आणि मनात तर तो काय वाजवायचा, विचारू नका.

शिवाय त्यांचा एक गट होता. गट म्हणजे तिघं. दातांचे डॉक्टर ड्रम वाजवत आणि ग्रंथपालबाई गात. आठवड्यातून एका संध्याकाळी, शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडला, की डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकड्यांवर सराव सुरू व्हायचा. दिवसभर 'आ करा, आ करा' म्हणून कंटाळलेले डॉक्टर ड्रमवर तुटून पडत. दिवसभर 'शांतता राखा' म्हणून कंटाळलेल्या बाई गळा मोकळा सोडत. त्या गदारोळात कोपऱ्यातल्या खुर्चीवर तपासनीस डोळे मिटून वाजवत असे. त्याचं वाजवणं दोघांनाही कधी ऐकू आलं नव्हतं, पण बोटं इतकी झरझर चालायची, की दोघांनाही त्याच्याबद्दल आदर होता.

"तुमचं मला काय आवडतं सांगू?" बाई म्हणायच्या. "तुम्ही कधी गाण्याच्या अंगावर येत नाही."

आठवड्यातली ती एकच संध्याकाळ अशी होती, की जेव्हा तो कोणाची उलटतपासणी घेत नसे. घरी येताना तो चक्क शीळ घालायचा.

मग ग्रंथालयाच्या मागच्या हॉलमध्ये छोटासा कार्यक्रम ठरला. बाईंनी सरळच सांगितलं, "भिंगसाहेब, आता मात्र अ‍ॅम्प्लिफायर आणा. गिटार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली पाहिजे. नाहीच जमलं तर माझा भाचा आहे, तोही वाजवतो, त्याच्याकडे सगळं सामान आहे."

बाई सहज बोलून गेल्या. पण तो 'भाचा' तपासनीसाच्या मनात जो रुतला, तो निघेना. भाचा एकदा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, की उठतो कशाला? दुसऱ्याच दिवशी तो वाद्यांच्या दुकानात हजर झाला.

"घरी सरावाला आणि छोट्या कार्यक्रमाला, दोन्हीकडे चालेल असा पाहिजे," तो म्हणाला. "आणि खिशाला परवडला पाहिजे."

दुकानदाराने एक छोटा काळा अ‍ॅम्प्लिफायर पुढे केला. "मग हा घ्या. वीस वॅटचा आहे. घरात आवाज कमी ठेवा, हॉलमध्ये वाढवा. हेडफोनही जोडता येतो, उचलायला हलका."

"याच्याहून मोठा का दाखवत नाही?"

"तुम्हाला लागणार नाही म्हणून."

तपासनीसाचे कान टवकारले. महागडी वस्तू गळ्यात मारणारे दुकानदार त्याने खूप पाहिले होते. पण स्वस्तातली वस्तू आपणहून पुढे करणारा? हा काहीतरी लपवतोय.

"वाजवून बघा ना इथे," दुकानदार म्हणाला.

"दुकानात सगळंच छान वाजतं."

"मग घरी न्या. नाही पटला तर परत आणा."

"परत घेता?"

"घेतो की."

"का?"

एवढ्या वर्षांच्या धंद्यात दुकानदाराला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो नुसता बघत राहिला. गोंधळला, तपासनीसाने मनात नोंद केली.

तर असा तो काळा अ‍ॅम्प्लिफायर आता टेबलावर बसला होता. तपासनीसाने वायर जोडली, लाल दिवा लागला. आवाजाचं बटण मध्यावर आणून त्याने डोळे मिटले आणि आपलं सगळ्यात लाडकं गाणं वाजवायला घेतलं.

जे काही बाहेर आलं, त्याने बायकोच्या हातातली सुरी थांबली.

"बघितलंस?" तपासनीस विजयी मुद्रेने म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? खराब माल!"

"खराब म्हणजे कसा?" बायकोने जपून विचारलं.

"अगं, मी एक तार छेडतो, हा दोन वाजवतो. मी थांबतो, हा थांबत नाही. आणि मधेच कोणाच्या तरी शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज. मी काय शेपटीवर पाय दिला?"

अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तो दुकानात गेला. "हा मी न वाजवलेले सूर वाजवतो," त्याने तक्रार मांडली.

"साहेब, तो स्वतःच्या मनाने काही वाजवत नाही," दुकानदार म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात."

दुकानदाराने निमूटपणे दुसरा दिला, तपकिरी, दुसऱ्या कंपनीचा; काळा मात्र पुरावा म्हणून तपासनीसाने स्वतःकडेच ठेवला. तपकिरी घरी आला, टेबलावर बसला, आणि त्यानेही नेमकं तेच केलं. एका तारेला दोन सूर, थांबल्यावरही गुणगुण, मधेच शेपटी. फरक एवढाच, की तपकिरीचा आवाज जास्त स्वच्छ होता, त्यामुळे शेपटी जास्त स्पष्ट ऐकू आली.

"दुकानच संशयास्पद आहे," तपासनीसाने निष्कर्ष काढला. "आता दुकानातून घ्यायचाच नाही. एखाद्या सरळमार्गी माणसाकडून वापरलेला घ्यायचा."

जाहिरातीत सरळमार्गी माणूस सापडला. पोहायला शिकवणारा होता. पोहण्याच्या तलावाशेजारीच त्याचं घर होतं, आणि त्याने दार उघडलं तेव्हा खांद्यावर ओला टॉवेल होता.

"का विकताय?" तपासनीसाने उंबऱ्यातच सुरुवात केली.

"मुलगा शिकायला बाहेरगावी गेला. तोच वाजवायचा. मी आपला अधूनमधून."

"मुलगा गेला, पण अ‍ॅम्प्लिफायर नेला नाही?"

"होस्टेलवर चालत नाही."

"होस्टेलचं नाव?"

प्रशिक्षकाने टॉवेलने कान पुसला. बहुधा आपल्या कानात पाणी गेलंय असं त्याला वाटलं असावं. "तुम्ही अ‍ॅम्प घ्यायला आलाय ना?"

"हो हो. पाण्याजवळ ठेवला होता का कधी? ओलावा लागला? आणि आधी कोणी बघायला आलं होतं? ते का घेऊन गेले नाहीत?"

"अहो, आधी दोन दिवस घेऊन जा!" प्रशिक्षक वैतागून म्हणाला. "वाजवा, आवडला तर ठेवा. आणि आता मला जाऊ द्या, पोरं पाण्यात आहेत."

हाही घरी न्या म्हणतो! तपासनीसाने राखाडी रंगाचा तो तिसरा अ‍ॅम्प्लिफायर छातीशी धरून घरी आणला. आणि काय सांगावं, राखाडीतही तेच. तीच दुसरी तार, तीच गुणगुण, तीच शेपटी. आता मात्र त्याच्या अंगात वीज संचारली. त्याने लगेच फोन लावला.

"एकच सांगा. हा तुम्ही कुठून घेतला होता?"

"बाजारात ते वाद्यांचं दुकान आहे ना, तिथून," प्रशिक्षक म्हणाला.

"सापडला!" फोन ठेवून तपासनीस ओरडला. "सामील आहेत दोघं! दुकानात खराब माल खपत नाही, म्हणून सरळमार्गी माणसांच्या घरी ठेवून विकतात!"

"अहो, गावात वाद्यांचं दुकान एकच आहे," बायको म्हणाली. "दुसरीकडून कुठून घेणार ते?"

"हेच तर! एकच का आहे?"

बायकोने कपाळाला हात लावला, पण समजुतीच्या सुरात बोलली. "तीन घरं जळाली तर तुम्ही आधी काय बघता?"

"तिन्हींत सामाईक काय आहे ते."

"मग बघा की."

तपासनीस विचारात पडला. तीन अ‍ॅम्प्लिफायर, तीन कंपन्या, तीन रंग. सामाईक काय? त्याचे डोळे हळूहळू खोलीभर फिरले आणि भिंतीवर येऊन थांबले.

"वीज!" तो म्हणाला. "आपल्या घरातली वीज!"

बायकोने पुन्हा सुरी उचलली.

वायरमन आला. त्याने सगळे प्लग तपासले, बोर्ड उघडून पाहिला, अर्थिंग पाहिलं. "साहेब, वायरिंग एकदम झकास आहे. कोणी केलंय?"

"तुम्हीच केलंय."

"मग झकास असणारच."

स्वतःच केलेल्या कामाला स्वतःच प्रमाणपत्र देणारा साक्षीदार ग्राह्य धरावा का, यावर तपासनीसाने संध्याकाळभर विचार केला. पण तिन्ही अ‍ॅम्प्लिफायर त्याने शेजाऱ्याच्या घरीही लावून पाहिले आणि शेपटी तिथेही आली. शेजारी तेव्हापासून जिन्यात हसायचा बंद झाला. विजेवरचा आरोप मागे घ्यावा लागला. मग उरलं काय?

"माझे कान," तो दुसऱ्या दिवशी बायकोला म्हणाला. "ते तर बिघडले नसतील?"

हा प्रश्न त्याने योग्य ठिकाणी विचारला होता, कारण बायकोचं कामच ते. कानाच्या दवाखान्यात ती लोकांच्या ऐकण्याची तपासणी करायची. तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, बारीकबारीक आवाज सोडले. त्याने सगळे ओळखले.

"कान उत्तम आहेत. विशीतल्या मुलासारखे," ती बाहेर येऊन म्हणाली.

"मग?"

"मग तुम्हाला जे ऐकू येतंय, ते खरं आहे." एवढं बोलून ती थांबली. आणखी एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण दोन वर्षं मागच्या खोलीत डोळे मिटून बसणारा नवरा तिला दिसत होता, आणि ते वाक्य काही तिच्याच्याने बोलवेना.

तपासनीसाने मात्र त्याचा सोयीचा अर्थ घेतला. आवाज खरा, म्हणजे दोष खरा, म्हणजे गुन्हा खरा. कार्यक्रम उद्यावर आला होता. त्याने शेवटचं हत्यार काढलं. आरोपींना समोरासमोर आणायचं. पोहण्याच्या प्रशिक्षकाला 'व्यवहार पुरा करायला' म्हणून दुकानात बोलावलं, आणि स्वतः गिटार आणि तिन्ही अ‍ॅम्प्लिफायर घेऊन रिक्षाने तिथे पोहोचला.

"यांना ओळखता?" त्याने दुकानदाराला विचारलं.

"हो तर! बऱ्याच दिवसांनी आलात. मुलगा काय म्हणतो?"

"मजेत आहे. तुमची कंबर कशी आहे आता?"

"ओळख चांगलीच घट्ट दिसते," तपासनीस थंडपणे म्हणाला. "आता ऐका. हे तिन्ही अ‍ॅम्प्लिफायर मी न वाजवलेले सूर वाजवतात. माझ्या घरची वीज निर्दोष आहे. माझे कान निर्दोष आहेत. तेव्हा खरं काय ते सांगून टाका."

दुकानदार आणि प्रशिक्षक एकमेकांकडे बघत राहिले. मग प्रशिक्षक म्हणाला, "आणा बरं ती गिटार इकडे."

त्याने खांद्यावरचा टॉवेल बाजूला ठेवला, वायर काळ्यात घातली आणि एक साधी धून वाजवली. फार काही वाजवणारा नव्हता तो. एका ठिकाणी अडखळला, 'सवय गेली' म्हणून हसला, पुढे गेला. पण एका तारेला एकच सूर आला. थांबला तेव्हा आवाज थांबला. मग त्याने वायर तपकिरीत घातली, मग राखाडीत. तिन्ही अ‍ॅम्प्लिफायर शहाण्या मुलांसारखे वाजले. शेपटी कुठेच नव्हती.

तपासनीस काउंटरला टेकून उभा राहिला. वीज नाही, कान नाहीत, दुकानदार नाही, प्रशिक्षक नाही, आणि आता गिटारही नाही. संशयितांच्या रांगेत शेवटी एकच माणूस उरला होता, आणि त्याच्यावर संशय घ्यायचं त्याला दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मनात इतकं सुंदर वाजत होतं ते सगळं काय होतं मग? त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त वाईट वाटलं.

"साहेब, तारा जरा हलक्या हाताने..." दुकानदार काहीतरी समजावू लागला.

"काळा ठेवतो मी," तपासनीस हळूच म्हणाला. "चांगला आहे."

तपकिरी त्याने काउंटरवर ठेवला, राखाडी प्रशिक्षकाच्या हातात दिला, त्याची माफी मागितली. घरी बायकोला एवढंच म्हणाला, "अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काही दोष नाही." त्या संध्याकाळी मागच्या खोलीत दिवा लागला नाही.

कार्यक्रमाला त्याने एक तोडगा काढला. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये काळा अ‍ॅम्प्लिफायर ऐटीत मांडला, लाल दिवा लावला आणि आवाजाचं बटण शून्यावर ठेवलं. हॉल भरला होता. पुढच्या रांगेत बायको बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. डॉक्टरांनी काठ्या आपटल्या, बाईंनी सूर लावला, आणि तपासनीसाची बोटं नेहमीसारखी झरझर चालली. पहिलं गाणं रंगलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मान डोलावत म्हणाले, "वा! गिटार काय गोड आहे हो!"

"बघा!" बाई त्याच्याकडे वळून कुजबुजल्या. "अ‍ॅम्प्लिफायर आल्यावर गाण्याला कसा भरदारपणा आला!"

आता खरं तर त्याने हुश्श करायला हवं होतं. खुर्ची वाचली होती, भाचा टळला होता. पण झालं भलतंच. कधी घेतलाच नव्हता अशा फ्रिजची भरपाई मागणारी माणसं त्याने आयुष्यभर हाकलून लावली होती. आणि आता न वाजलेल्या गिटारची दाद तो बसल्याबसल्या खिशात घालत होता. बाईंनी दुसऱ्या गाण्याची पहिली ओळ उचलली तेवढ्यात त्याचा हात खाली गेला आणि त्याने बटण सरळ मध्यावर आणलं.

पहिल्याच फटक्याला डॉक्टरांची काठी हातातून निसटली. बाई एक ओळ विसरून तिसरीवर गेल्या. मागच्या रांगेत पेंगणारे एक आजोबा दचकून "काय झालं? काय झालं?" करत उठले. एका तारेला दोन सूर, थांबल्यावर गुणगुण, शेपटी, सगळं हॉलभर दुमदुमलं. तपासनीसाचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. दात आवळून, डोळे उघडे ठेवून त्याने गाणं शेवटपर्यंत वाजवलं. अगदी शेवटी चार सूर एकामागोमाग स्वच्छ आले. ते फक्त त्याला कळले, आणि कदाचित बायकोला.

कार्यक्रम संपल्यावर तिघं अ‍ॅम्प्लिफायरभोवती जमले.

"याला काय झालं मधेच?" डॉक्टरांनी वाकून, दातात कीड बघावी तसं अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीत पाहिलं. "पहिल्या गाण्याला किती छान होता!"

"अ‍ॅम्प्लिफायर चांगला आहे," तपासनीस म्हणाला. त्याने सांगूनच टाकलं. "पहिल्या गाण्याला आवाज बंद होता. दुसऱ्याला जे ऐकलंत, ते माझं वाजवणं. मी असाच वाजवतो. भाच्याला बोलवायचं असेल तर बोलवा."

मग डॉक्टर खो खो हसले. "काहीतरीच! अहो, दोन वर्षं आम्ही समोर बसून बघतोय तुम्हाला!"

"अहो खरंच—"

"दुकानदाराने टोपी घातली तुम्हाला," बाई कळवळून म्हणाल्या, "आणि तुम्ही बिचारे स्वतःवर दोष घेताय! किती भोळे हो तुम्ही!"

"तेच तर," डॉक्टर म्हणाले. "इतकं भोळं राहून चालत नाही आजच्या काळात. उद्या आम्ही दोघं येतो तुमच्याबरोबर दुकानात. त्याची चांगली कानउघाडणी करू."

"आणि भाच्याचा अ‍ॅम्प्लिफायर मी मागून घेते पुढच्या वेळेसाठी," बाई म्हणाल्या. "वाजवायचं तुम्हीच."

इतक्या वर्षांत तपासनीसावर ही वेळ आली नव्हती. तो खरं बोलत होता आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. तो साक्षीदार शोधू लागला. समोरून बायको येत होती.

"हिला विचारा!" तो म्हणाला. "हिचं कामच कान तपासायचं आहे. ही दोन वर्षं घरात ऐकतेय. सांग गं, खरं काय ते सांग."

दोघं तिच्याकडे बघू लागले. बायकोने आधी अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलं, मग हॉलच्या कोपऱ्यातल्या त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग नवऱ्याच्या लालेलाल झालेल्या कानांकडे.

"अ‍ॅम्प्लिफायरच खराब आहे," ती शांतपणे म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, हे ऐकत नाहीत."

तपासनीसाने तिच्याकडे रोखून पाहिलं. समोरचा माणूस धडधडीत खोटं बोलतोय, हे त्याला नुसत्या पापणीवरून कळायचं, आणि आता तर पापणी हललीही नव्हती, तरी कळलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा एक दावा चौकशी न करता मंजूर करून टाकला. मग खाली बसून तो वायर गुंडाळू लागला, आणि गुंडाळता गुंडाळता त्याच्याही नकळत शीळ घालू लागला.